‘फाईल फार मोठी आहे’ म्हणे!

किस्से गोळा करायला कुठं जावं लागत नाही. एखाद्या वेबसाइटवर ‘अपलोड’ असं बटण ठेवायचं आणि त्याखाली बारीक अक्षरात किती मोठी फाईल चालेल ते लिहायचं. बस्स! ते बारीक अक्षर कुणी वाचत नाही. ज्यांनी वाचलेलं असतं, त्यांना ते मान्य नसतं. मग फोन सुरू होतात आणि पंख्याच्या पात्यावर धूळ साठावी तसे किस्से साठत जातात. कुणी मुद्दाम आणून टाकत नाही, पण एक दिवस वर बघावं तर हा थर!

आमचं ऑफिस खालापूरला, कचेरीच्या रस्त्यावर, झेरॉक्सच्या दुकानाच्या वर. लोकांच्या वेबसाइट बनवायच्या आणि त्या चालू ठेवायच्या, हा धंदा. आम्ही तिघं. एक मी, सुजाता. दुसरा हरेश, कॉलेजपासूनचा मित्र आणि आता भागीदार. चौकच्या अलीकडच्या गावचा, घरी भातशेती. सर्व्हर तो सांभाळतो. आणि तिसऱ्या वैशालीताई, मोहोपाड्याच्या. आधी एका कारखान्यात रिसेप्शनला होत्या, आमच्याकडे फोन घेतात. लोक फोनवर चिडतील आणि ताई ऐकून घेतील, असं त्यांना नेमताना आम्हाला वाटलं होतं.

तसं काही झालं नाही.

*

पहिला मान दिनेशचा. दिनेश शेलूचा, लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ काढतो. शेलूला नव्या बिल्डिंगी झाल्या, माणसं वाढली, लग्नं वाढली, आणि दिनेशला वेबसाइट हवी झाली. आम्ही करून दिली. पहिल्याच दिवशी त्याने एका लग्नाचा अख्खा व्हिडिओ चढवायला घेतला. पाच मिनिटांत फोन.

“ताई, पांढरं पान आलंय. त्यावर इंग्लिशमध्ये चारशे तेरा लिहिलंय.”

चारशे तेरा हा सर्व्हरचा ठरलेला निरोप असतो. तुम्ही पाठवताय ते माझ्या मापाबाहेरचं आहे, मी घेणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. वैशालीताई तेव्हा नव्या होत्या, त्यांनी मला विचारलं आणि जसंच्या तसं दिनेशला सांगितलं.

मग दिनेश म्हणाला, “ताई, धंद्यात आजपर्यंत चारशेवीस लय भेटले. हे चारशे तेरा म्हणजे काय, थोडी कमी फसवणूक का?”

*

त्या वेळी आमचा स्वतःचा सर्व्हर नव्हता. एका मोठ्या कंपनीच्या सर्व्हरवर भाड्याने कोपरा घेतलेला. चाळीत खोली घ्यावी तसा. खोली आपली, पण नळाला पाणी किती यावं ते मालक ठरवणार! दिनेशच्या व्हिडिओसाठी मर्यादा वाढवून द्या, म्हणून आम्ही कंपनीला मेल केला. उत्तर आलं, फाईल लहान करा. पुन्हा मेल केला. तेच उत्तर, फक्त खाली नाव वेगळं.

शेवटी वैशालीताईंनी फोन हातात घेतला. पलीकडे कॉल सेंटरचा मुलगा, हिंदी बोलणारा, अतिशय नम्र. ताई त्याला दिनेशची अडचण सांगायच्या आणि तो दर वेळी म्हणायचा, “मॅडम, आप फाईल को छोटा कीजिए.”

ताईंनी एकदा समजावलं. लहान केली की नवरीच्या शालूचं जरीकाम दिसत नाही, दिनेशचं गिऱ्हाईक तुटतं. तो म्हणाला, “समझ सकता हूँ मॅडम. आप फाईल को छोटा कीजिए.”

ताई खुर्चीतून उठल्या. मी आणि हरेश हातातलं काम सोडून बघायला लागलो.

“भैया,” ताई म्हणाल्या, “तुम्हारी शादी हुई है क्या?”

“नहीं मॅडम.”

“होगी तब ध्यान में रखना. बारात बडी आयी तो मंडप बढाते है. बारातियों के पैर नहीं काटते!”

फोन आपटला. हरेशने लगेच सांगितलं, “बास झालं. सर्व्हर आपलाच घ्यायचा.” आणि महिनाभरात आम्ही तो घेतला.

*

स्वतःचा सर्व्हर म्हणजे स्वतःचं राज्य, असं वाटतं. प्रत्यक्षात राज्यात दारं फार असतात. फाईल आली की पहिल्या दारावर एक माप, आतल्या दारावर दुसरं, त्याच्याही आत तिसरं. एक दार मोठं केलं आणि बाकीची तशीच ठेवली, तर फाईल पुढच्या दारात अडकते आणि निरोप मात्र तोच येतो.

पहिल्याच आठवड्यात हरेश मर्यादा वाढवायला बसला. सेटिंगची एक फाईल उघडली, आकडा वाढवला, सर्व्हर पुन्हा सुरू केला. मर्यादा जिथल्या तिथं. आकडा आणखी वाढवला. जिथल्या तिथं! दुपारपर्यंत आकड्यावर शून्यं चढत गेली, हरेशचा आवाज चढत गेला, मर्यादा काही चढेना.

“सुजाता, हा माझं ऐकत नाय गं!”

“रागावू नको. आधी तू लिहितोयस ते तो वाचतोय का, ते तरी बघ.”

हरेशने रागारागाने त्या सेटिंगच्या फाईलमध्ये वाट्टेल ते टाईप केलं. आकडे नाहीत, अक्षरं नाहीत, नुसता गोंधळ. शेवटी सासऱ्यांचं नावसुद्धा लिहिलं. असं काही लिहिलं की सर्व्हरने बोंब मारायलाच हवी. त्याने पुन्हा सुरू केला. सर्व्हर एकदम मजेत सुरू झाला.

तेव्हा उलगडलं. त्याच नावाची दुसरी एक फाईल भलत्याच ठिकाणी होती, आणि वेबसाइट ती वाचत होती. हरेश सकाळपासून जी सुधारत होता तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं.

हरेश मागे रेलला. घाम पुसला. म्हणाला, “आमची ग्रामसभा हाय ही. ठराव एका वहीत, कारभार दुसऱ्या वहीत!”

*

योग्य फाईल सापडली म्हणून आनंद झाला, आणि आनंदात हरेशने मर्यादा एकदम एक जीबी करून टाकली. ‘1GB’ असं लिहिलं आणि जेवायला गेला.

सर्व्हरला मात्र फक्त ‘1G’ एवढंच लिहिलेलं कळतं. पुढचा बी दिसला की तो गोंधळतो, मापच विसरतो आणि नुसता एक धरतो. एक म्हणजे एक बाइट. म्हणजे गावाची वेस उघडायला गेलो आणि सुईचं नाक करून बसलो!

फोन आला तो एका शाळेतून. शाळा कर्जतच्या बाजूची, आणि मुख्याध्यापक सावंत सर अतिशय शिस्तीचे. स्नेहसंमेलनाचे फोटो चढवत होते.

“अहो, काल निदान छोटे फोटो तरी जात होते. आज काहीच जात नाही. मी रिकामं पान पाठवून पाहिलं, तेही मोठं आहे म्हणतोय!”

हरेशने जेवण अर्धं टाकून बघितलं, कपाळाला हात लावला आणि आम्हाला सांगितलं काय झालंय ते.

वैशालीताईंनी रिसीव्हरवर हात ठेवून विचारलं, “एक बाइट म्हणजे किती रे?”

“एक अक्षर.”

“मग सरांना सांगते, दुरुस्त होईस्तोवर एक अक्षर पाठवून बघा. ‘श्री’ पाठवा म्हणते.”

“नाय जाणार ताई. एक अक्षर म्हंजे इंग्लिश. आपल्या साध्या ‘क’लासुद्धा तीन बाइट लागतात.”

ताईंनी रिसीव्हरवरचा हात काढला. सरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “घ्या! म्हणजे मराठी माणसाला इथंही जागा नाही!”

सर पलीकडून म्हणाले, “हे मी पंचवीस वर्षं पालकसभेत सांगतोय!”

*

सगळ्यात हट्टी माणूस म्हणजे नाडकर्णीकाका. रसायनीच्या एका स्टाफ कॉलनीत आयुष्य काढलेले, निवृत्त. कॉलनीच्या गणपतीत वर्षानुवर्षं नाटकं व्हायची. त्यांच्या जुन्या कॅसेट काकांनी कुणाकुणाच्या माळ्यावरून जमवल्या, कम्प्युटरवर आणल्या, आणि त्यांची वेबसाइट आमच्याकडून करून घेतली. माणसं दुबईला, बंगळूरला पांगली होती. घरबसल्या बघतील, म्हणून.

एक नाटक काही केल्या चढेना. हरेशने सगळी दारं तपासली. मर्यादेच्या कितीतरी आत होती फाईल. त्याहून मोठी नाटकं आरामात गेली होती. मग त्याचं लक्ष फाईलच्या नावाकडे गेलं. नाव असं होतं:

‘आमच्या कॉलनीच्या गणेशोत्सवात सादर झालेले तीन अंकी नाटक, अंक दुसरा, पहिल्या अंकाची कॅसेट सापडत नाही, कुणाकडे असल्यास कृपया कळवावे’.

फाईल मोठी नव्हती. नाव मोठं होतं! नावालाही मर्यादा असते, आणि मराठी नाव त्या मापात तिप्पट भरतं.

मी फोन केला. “काका, नाव जरा लहान करूया का? नुसतं ‘नाटक दोन’?”

“का म्हणून?”

“सर्व्हरला एवढं लांब चालत नाही.”

“सुजाता, त्या नाटकात काम केलेली निम्मी माणसं आता नाहीत. पहिल्या अंकात माझी बायको होती. ती कॅसेट मला हवी आहे. मी ते नाव एका काना-मात्रेनंही कमी करणार नाही. सर्व्हरला सांग.”

आता सर्व्हरला काय सांगणार? पण सांगितलं. हरेशने दोन दिवस बसून अशी सोय केली की आत फाईलला नुसता नंबर, आणि वेबसाइटवर मात्र काकांनी लिहिलेलं नाव पुरतं, स्वल्पविरामासकट.

तीन आठवड्यांनी काकांचा फोन. आवाज ओळखू येईना. कॅसेट सापडली होती! बंगळूरहून कुणीतरी ते नाव वाचून धाडली होती. काकांनी पहिला अंक त्याच दिवशी चढवला. आम्ही तिघांनी ऑफिसात वेबसाइट उघडली.

‘अंक पहिला, सापडला, पाठवणाऱ्याचे शतशः आभार, सौ. यांचा प्रवेश सुरुवातीलाच आहे, मागे पडद्याआडून संवाद सांगणारा आवाज माझा आहे, त्याकडे दुर्लक्ष करावे’.

आम्ही दुर्लक्ष केलं नाही. सौ. काकू एकदाही अडखळल्या नव्हत्या. काका मात्र प्रत्येक वाक्य त्यांच्या आधी सांगत होते.

*

मंदामावशींचं प्रकरण वेगळं. कर्जतच्या पुढे डोंगराकडे त्यांचं शेत. थंडीत वालाला शेंगा धरल्या की त्या पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर शेंगा, मीठ, ओवा, मडकं उपडं करून भोवती जाळ. मुंबईपुण्याची माणसं पैसे देऊन खायला येतात. मावशींच्या मुलीने वेबसाइट करून घेतली आणि मावशींनी स्वतः पोपटीचा व्हिडिओ काढला. मडकं भरण्यापासून ते फोडण्यापर्यंत, न थांबता, पाऊण तास!

डोंगरात रेंज यथातथाच. व्हिडिओ जायचा मुंगीच्या पावलांनी. आणि सर्व्हरला वाट बघायचीही मर्यादा असते. ठरावीक वेळ झाला की तो दार लावून घेतो. मावशींचा व्हिडिओ शेवटाला यायचा आणि पडायचा. चार वेळा पडला. पाचव्यांदा त्या थेट खालापूरला एसटीने आल्या.

मी त्यांना चहा दिला आणि म्हटलं, “मावशी, व्हिडिओ दहा मिनिटांचा करूया. मधलं कापून टाकू. नुसता जाळच तर दिसतो त्यात!”

मावशींनी कप खाली ठेवला.

“नुसता जाळ? अगं, जाळ कवा कमी करायचा तेच तर त्याच्यात हाय! पोपटी पाऊण तासानं भाजते. दहा मिनटांचा करशील, आनि तो बघून लोकं घरी मडकी लावतील. कच्च्या शेंगा खाऊन पोटं बिघडली म्हंजे नाव कोनाचं जाईल? तुझं का माझं?”

हरेश मध्ये पडला. “मावशी बरोबर बोलतायत. आपण सर्व्हरलाच थांबायला लावू.” त्याने वाट बघण्याची वेळ भरपूर वाढवली. मावशींनी आमच्याच ऑफिसातून व्हिडिओ पाठवला आणि गेल्याचं दिसल्यावर उठतील असं वाटलं. पण नाही. त्यांनी तो वेबसाइटवर लावायला सांगितला आणि खुर्ची ओढून पहिल्यापासून बघायला बसल्या. आम्हीही बसलो. फोन वाजत राहिले, कुणी उचलले नाहीत. पाऊण तास आम्ही चौघं एका मडक्याकडे बघत होतो.

शेवटी पडद्यावर मडकं फुटलं, वाफ आली. मावशींनी मान हलवली.

“हं. भाजली.”

*

मुंबईच्या एका मोठ्या ऑफिसातले एक साहेबही आमच्या नशिबात होते. खालापूरला त्यांचं गोदाम, म्हणून त्याची वेबसाइट आमच्याकडे. साहेबांना गोदामाचा व्हिडिओ चढवायचा होता. फोनवर पहिलंच वाक्य, “तुमचा गावातला सर्व्हर माझी फाईल घेत नाही!”

हरेशने आमच्याकडची नोंद पाहिली. साहेबांची फाईल आमच्यापर्यंत आलेलीच नव्हती. त्यांच्याच ऑफिसात इंटरनेटवर पहारा होता, तो मोठी फाईल बाहेर सोडत नव्हता. वैशालीताईंनी अगदी रिसेप्शनच्या आवाजात हे सांगितलं.

“अशक्य! आमच्याकडे सगळं मोठ्या लेव्हलचं आहे.”

“साहेब, एकदा मोबाइलच्या इंटरनेटवरून पाठवून बघता का?”

साहेबांनी पाठवली. झटक्यात गेली. आम्हाला वाटलं, आता दिलगिरी येईल. साहेब म्हणाले, “मोबाइलवरून गेली म्हणजे लहान होऊन गेली असणार. मुद्दा तोच आहे, तुमच्या सर्व्हरची लायकी नाही.”

ताईंचा रिसेप्शनचा आवाज संपला.

“साहेब, पाहुणे तुमच्याच उंबऱ्याला अडखळून पडले. आमच्या दारात आलेच नाहीत. आणि तुम्ही विचारताय, खालापूरवाल्यांनी चहा का नाही दिला?”

साहेब पुन्हा कधी बोलले नाहीत. त्यांच्या सेक्रेटरीने मात्र दुसऱ्या दिवशी हळू आवाजात फोन केला. “ताई, तुम्ही काल जे म्हणालात ना, ते जरा पुन्हा सांगा. मला पाठ करायचंय.”

*

आता हिराकाकींचं सांगते.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव आहे. नाव राहू दे. वरून एक ओढा येतो, गावच्या शेतांमधून वळत खाली नदीला मिळतो. भात झाल्यावर गाव त्याच ओढ्यावर वाल करतं, भाजी करतं. तिथून एका प्रकल्पाचा रस्ता जायचा होता. नकाशे लागले, आणि त्यात ओढ्याच्या जागी लिहिलेलं होतं, ‘कोरडा चर’. म्हणजे भराव टाकला तरी चालेल! हरकती ऑनलाइन मागवल्या होत्या. मुदत थोडी.

गावात संध्या नावाची मुलगी, ड्रोन उडवायला शिकलेली. तिने डोंगरापासून नदीपर्यंत ओढ्याचे फोटो घेतले, ते जोडून एकच भला मोठा फोटो केला. पाणी चकाकताना दिसत होतं, शेतांचे बांध मोजता येत होते. पण हरकतींची साइट तो घेईना. एका हरकतीला एक फाईल, तीही टीचभर! संध्या आणि तिची मोठी काकू हिराकाकी आमच्याकडे आल्या. काकी साठी ओलांडलेल्या, ओढ्याच्या उगमाकडचं पहिलं शेत त्यांचं.

तो सर्व्हर काही आमचा नव्हता. दारं वाढवणं आमच्या हातात नव्हतं. मी त्या कार्यालयात फोन लावला.

“सिस्टिमच घेत नाही मॅडम,” पलीकडचे गृहस्थ म्हणाले. “आम्ही काय करणार? साइज कमी करा.”

केली. दुसरं काय करणार! फोटो लहान करत करत त्या मापात बसवला. काकींनी चष्मा लावला, स्क्रीनजवळ गेल्या.

“माझा ओढा कुठं हाय यात?”

ओढा दिसत नव्हता. बारीक निळी रेघ होती, ती लहान करताना झाडांच्या हिरव्यात विरून गेली होती.

“म्हंजे त्यांच्या नकाशात हाय तसंच झालं की गं!” काकी म्हणाल्या. “त्यांनी न बघता पुसला, आपन बघून पुसला.”

संध्याचे डोळे भरून आले. हरेश नुसता खिडकीतून खाली बघत होता.

मग काकींनीच विचारलं, “एका मानसाला एकच फाईल?”

“हो.”

“आनि हरकत कोन कोन घेऊ शकतो?”

“ज्याची जमीन आहे तो प्रत्येक जण.”

“मग असं लहान कशाला करतेस? ओढ्याचं पानी आमी पाळीनं वाटूनच घेतो. फोटूपन वाटून घेऊ!”

हरेश खिडकीतून वळला. त्याच दिवशी बसून आम्ही मूळ फोटोचे तुकडे केले. एकही लहान न करता, नुसते कापून. ज्याचं शेत ज्या तुकड्यात, तो तुकडा त्याचा. संध्याने घरोघर जाऊन प्रत्येकाच्या नावाने हरकत भरली. रसायनीला नोकरीवर असणाऱ्यांनी पाळी सांभाळून ओटीपी सांगितले. मुंबईला गेलेली भावंडं, जी एकमेकांशी बोलत नव्हती, त्यांनीही सांगितले. साइटने एकालाही नाही म्हटलं नाही. म्हणणार कशी? प्रत्येक फाईल मापात होती!

चार दिवसांनी त्याच गृहस्थांचा फोन आला. वैशालीताईंनी उचलला.

“अहो, हे काय चाललंय? ढीगभर हरकती, आणि प्रत्येकीला नुसता एक हिरवा-तपकिरी चौकोन! कशाचा काही अर्थ लागत नाही!”

“साइज कमी केलीय साहेब,” ताई म्हणाल्या. “तुम्हीच सांगितलं होतं.”

सुनावणी लागली. मोठा हॉल, समोर टेबल, टेबलामागे अधिकारी. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. अख्खं गाव आलं होतं, प्रत्येकाच्या हातात आपापल्या तुकड्याचा छापलेला मोठा कागद. मी आणि हरेश मागे भिंतीला उभे.

“सगळ्यांचं म्हणणं एकच दिसतंय,” अधिकारी म्हणाले. “एकाने कुणीतरी बोला. बाकीचे बसा.”

हिराकाकी उठल्या. “एकच नाय साहेब. हर एकाचं येगळं हाय.”

“मग थोडक्यात सांगा.”

काकी मागे दारापर्यंत चालत गेल्या, वाकल्या आणि आपला कागद फरशीवर ठेवला. “वरचं शेत माझं.” त्यांच्या मागून त्यांचा दीर उठला, त्याने आपला कागद काकींच्या कागदाला चिकटून ठेवला. मग शेजारी. मग त्याच्या पलीकडचा.

“अहो, हे काय करताय? एका वेळी एक! शिपाई!”

शिपाई पुढे आला आणि पायाखाली बघून कागदावर पाय पडू नये म्हणून बाजूला झाला. लोक उठत होते, खुर्च्या सरकत होत्या. कागदाला कागद लागत होता आणि दारापासून निघालेली निळी रेघ हॉलच्या मधून वळत पुढे येत होती. नुसता कागदांचा आवाज. ज्या दोन भावांची बोलचाल नव्हती, त्यांचे कागद शेजारी आले. धाकट्याने थोरल्याचा कागद नीट सरळ केला.

रेघ टेबलापाशी पोचली. टेबलाखालून दोन कागद गेले. आता नदीकडच्या शेवटच्या शेताचा मालक तेवढा हातात कागद घेऊन उभा राहिला. त्याला पुढे जागाच नव्हती. तो अधिकाऱ्यांच्या पायांकडे बघत होता. अधिकारीही आपल्या पायांकडे बघत होते.

हिराकाकी दारापासून ओढ्याच्या काठाकाठाने चालत टेबलापाशी आल्या.

“साहेब,” त्या म्हणाल्या, “खुर्ची जरा मागं घ्या. तुमी ओढ्यात बसलाय.”